अठ्ठेचाळीस तास

पार्सल मिरज स्टँडवर उतरलं तेव्हा
बर्फाच्या पिशवीत कोमट पाणी उरलं होतं.
स्वारगेटहून निघालेली गाडी, एप्रिलची दुपार.
ड्रायव्हरच्या सीटमागे सावलीत ठेवा, असं
एस्तेरनं कंडक्टरला दोनदा बजावलं होतं,
चहाला वीस रुपयेही दिले होते.
कुपी बोटाएवढी. तळाशी पिठूळ साय,
वर कोऱ्या चहासारखं पाणी.
"काका, यीस्ट जिवंत आहे का बघा," ती फोनवर म्हणाली,
जणू मी आयुष्यात दुसरं काही केलंय.

एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या तळमजल्यावर
लोकांच्या थुंकीत, लघवीत, पाठीच्या पाण्यात
काय वाढतंय ते बघत बसलो.
सगळ्यात चांगली बातमी एकच असायची,
तीच टाइप करून की-बोर्डवरची अक्षरं पुसली गेली:
अठ्ठेचाळीस तासांनंतर वाढ नाही.
कवठेमहांकाळचा एक बाप
त्या कागदाच्या पाया पडला होता.

भंगारात निघालेला मायक्रोस्कोप
निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी सही करून दिला होता.
तो खिडकीशी ओढला.
कुपीतला एक थेंब, मेथिलिन ब्लूचा एक थेंब.
या रंगाची गंमत अशी,
की मेलेली पेशी तो मुकाट पिते आणि निळी होते.
जिवंत असते ती त्याला आत घेऊन मोडून टाकते,
स्वतः बिनरंगी राहते.
मोजल्या. शंभरात बासष्ट निळ्या.
पुन्हा मोजल्या, हाताला सवय म्हणून.
चौसष्ट.

छत्तीस तर छत्तीस.
पण तापातून उठलेल्याला कुणी
थेट मळणीला उभं करत नाही, आधी पेज देतात.
तशी ही माल्टची पेज. शंभर ग्रॅम, लिटरभर पाणी,
पंधरा मिनिटं उकळी,
मग चंबूच्या तोंडावर फॉइल, आणि परातीत गार.
मनगटाच्या आतल्या अंगाला काच लावून पाहिली,
बाळाच्या दुधाहून बरीच थंड हवी.
स्पिरिटचा दिवा पेटवला,
चंबूचं तोंड ज्योतीवरून फिरवलं, श्वास धरला, ओतलं.
तेव्हा लक्षात आलं,
हात तेच, दिवा तोच,
फक्त इतकी वर्षं मी यांच्यापासून जपत होतो
आणि आज यांना माझ्यापासून जपतोय.

बाहेर एकोणचाळीस.
घंगाळात पाणी, पाण्यात चंबू,
चंबूला ओला पंचा, समोर टेबलफॅन.
शेजारी इलाहीभाई नव्या सतारीची तार चढवत होते,
चढवायचे, ऐकायचे, उतरवायचे.
मी जाता-येता चंबू हलवायचो,
त्यांना हवा लागते सुरुवातीला.
सहा तास. काही नाही.
बारा तास. काही नाही.
कॅलेंडरच्या मागं वेळा लिहीत होतो.
अठराव्या तासाला ते जुनं वाक्य ओठांवर आलं
आणि पहिल्यांदाच कडू लागलं.

पहाटे काचेला फेसाची बारीक कड.
बोटाच्या टिचकीनं तळातून बुडबुडे सुटले,
फॉइल उचलली तर वेलची केळ्याचा वास.
मार्थाला हाक मारली.
तिनं लांबूनच नाक लावलं, म्हणाली,
"पावाच्या खमिरासारखं येतंय,"
आणि चहा टाकायला गेली.

बियर झाली. बरी झाली.
एस्तेर म्हणाली, केळं जरा जास्त झालंय.
मे महिन्यात असंच होणार, पोरी.

बुडाचा गाळ उकळलेल्या बरणीत भरून
फ्रीजच्या दारात ठेवलाय, दह्याच्या विरजणाला खेटून.
पट्टी चिकटवली. नमुना, तारीख, वेळ.
खाली लाल शाईनं: झाकण घट्ट लावू नये.

रात्री पाणी प्यायला उठलेली मार्था
अंधारात ते झाकण जरासं फिरवते.
फुस्स.
"जागे आहेत," एवढंच पुटपुटते
आणि दार लावून घेते.